सोसायटीतल्या मुलांना साप दाखवायचेत, कोणते निवडावेत?

येऊरवाली
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी घोडबंदर रोडला, मागची भिंत थेट येऊरच्या जंगलाला लागून. बिल्डरने जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलं होतं, त्या कुशीत आणखी कोण कोण असतं ते मात्र लिहिलं नव्हतं. या पावसाळ्यात पंपरूममध्ये दोनदा, पार्किंगमध्ये चारदा आणि तळमजल्यावरच्या एका चपलांच्या कपाटात एकदा साप निघाला. कपाटातला वॉचमनने काठीने ठेचला. नंतर कळलं की ती नानेटी होती. दीड वीत लांब, बेडकांवर जगणारी, बिनविषारी. सगळी मुलं भोवती उभी राहून बघत होती. एकाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या डोक्यातून जाईनात.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत क्लबहाऊसमध्ये दोन तासांचा कार्यक्रम ठरवलाय. मुलं साठेक, वय ५ ते १४. कमिटीने चक्क पंधरा हजार मंजूर केलेत. एका सर्पमित्राशी बोलले. तो म्हणाला, "पाच जिवंत साप आणतो, मुलांच्या हातात देतो, फोटो काढू दे. नाग पण हवा असेल तर सांगा." नागाला मी नाही म्हटलं. बाकीचे कोणते सांगू? इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

घोडबंदरकर
धामण सांगा. सहा-सात फुटांची धामण निघाली की मुलं गार होतात. सोबत एखादं मांडूळ. ते बिचारं चावतबिवत नाही, हातात बटाट्यासारखं पडून राहतं. आमच्या लहानपणी शाळेत असाच कार्यक्रम झाला होता, अजून आठवतो.

चकलीताई
वाचतेय. आमच्या खारघरलाही हाच प्रश्न आहे. डोंगर एका बाजूला, आम्ही दुसऱ्या.

कायद्याचं_बोला
ताई, आधी थांबा. कोणता साप हा प्रश्न नंतरचा.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्याकडच्या सगळ्या जंगली सापांना संरक्षण आहे, विषारी असोत की बिनविषारी. 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही, त्या कायद्याच्या व्याख्येत पकडणंही येतं. घरात निघालेला साप पकडून जवळच्या जंगलात सोडणं वेगळं. तोच साप रविवारच्या कार्यक्रमासाठी चार दिवस पिशवीत ठेवणं म्हणजे बेकायदा ताबा. अजगर तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तिथे तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे. सर्पमित्राकडे ओळखपत्र असलं तरी ते साप वाचवण्यासाठी असतं, खेळ करण्यासाठी नाही.

आता कोणीतरी कलम १२ काढेलच, म्हणून मीच काढतो. त्या कलमात शिक्षण, संशोधन आणि सापाचं विष काढणं अशा कामांसाठी परवान्याची सोय आहे. परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात आणि पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्राची आधी संमती लागते. २०२५च्या नागपंचमीला बत्तीस शिराळ्यातल्या २१ जणांना नाग पकडायला केंद्राने मंजुरी दिली, ती 'शिक्षण' या नावाखालीच. शिराळ्याची जिवंत नागाची पूजा न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली होती, त्यानंतर हे एवढं मिळायला किती वर्षं गेली ते बघा. तुमच्या क्लबहाऊसला दिवाळीपर्यंत मिळेल असं वाटत असेल तर शुभेच्छा.

येऊरवाली
बाप रे. म्हणजे तो माणूस मला सरळ गुन्ह्यातच ओढत होता? आणि वर सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र मागत होता.

घोडबंदरकर
अहो, इतकं कायद्यावर बोट ठेवून चाललं तर देशात काहीच होणार नाही. साप परत सोडणारच आहेत ना?

ठाणेकर_ओहायोत
मी मूळचा नौपाड्यातला, आता ओहायोत. इथल्या एका निसर्गकेंद्रात दर शनिवारी फुकट राबतो. शाळांमध्ये साप घेऊन जायचं काम माझ्याकडे असतं. इथे ते कसं निवडतात ते सांगतो, तुमच्या उपयोगाचं किती ते तुम्ही ठरवा.

पहिली अट, साप कैदेत जन्मलेला हवा. रानातून धरलेला किंवा जायबंदी म्हणून आणलेला साप गर्दीत नेत नाहीत, अगदीच शांत निघाला तर गोष्ट वेगळी. बहुतेक ठिकाणी कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हेच दोघे असतात. कॉर्न स्नेक इथलाच, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. चार-पाच फूट, नारिंगी-लाल, बोटांमधून सारखा सरकत राहतो, त्यामुळे मुलांना साप चालतो कसा ते दिसतं. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडू होतो, नाव त्यावरूनच पडलं. मुलं म्हणतात, "किती शांत आहे!" तो शांत नसतो, भ्यालेला असतो. हे मला कळायला वर्ष लागलं, तेव्हापासून मी कॉर्न स्नेकच उचलतो.

जात ठरली तरी काम संपत नाही, त्या जातीतला तो एक साप कसा आहे ते बघावं लागतं. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही, नाहीतर ओकतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे होतात, नीट दिसत नाही, चिडका होतो. तेव्हा सुट्टी. एका सापाला एक माणूस. डोकं मुलांपासून लांब, मुलांनी मागच्या अर्ध्या अंगाला दोन बोटं लावायची आणि लगेच साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. आणि हे साप वीस-वीस वर्षं जगतात, त्यामुळे निवडताना आपण सून शोधतोय असं वाटतं.

येऊरवाली
हे फारच उपयोगी. मग मुंबईत कोणी पाळलेला कॉर्न स्नेक आणून दाखवला तर? परदेशी आहे, आपल्या कायद्यात बसणार नाही ना?

कायद्याचं_बोला
२०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (CITES) परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण आलं. बॉल पायथन त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२४च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. पण तो भारतात आला कसा, कागद कुठे आहेत, हे विचाराल तेव्हा समोरचा माणूस फोन ठेवतो. अनुभव आहे.

उपवनची_आजी
मला एक शंका आहे, हसू नका. तुमच्या मुलांच्या चपलांच्या कपाटात अमेरिकेतला साप निघणार आहे का?

ठाणेकर_ओहायोत
आजी, निरुत्तर!

पिशवी_आणि_आकडा
उशिरा लिहितोय. मी १९९०च्या दशकात कळव्यात साप धरायला लागलो. तेव्हा नीलिमकुमार खैरे आमचे दैवत. पुण्यात ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत बसले, पुढे कात्रजचं सर्पोद्यान उभं केलं. आम्हा पोरांना त्यातले ७२ तास दिसले, सर्पोद्यान दिसलं नाही. शाळाशाळांमधून मी जिवंत साप घेऊन हिंडलो. धामण, डुरक्या घोणस, पाणदिवड, कधी कधी नागसुद्धा.

घोडबंदरकर म्हणतात ते खोटं नाही. दोनशे पोरांचा वर्ग धामण बाहेर काढल्यावर जसा चिडीचूप होतो तसा कुठल्याच चित्राने होत नाही. एक बारकी पोर होती, धामणीच्या अंगाला बोट लावून म्हणाली, "ओली नाहीये!" साप बुळबुळीत असतो असं तिला घरात सांगितलेलं. ते मला अजून आठवतं, आणि त्यासाठीच मी ते काम इतकी वर्षं केलं.

पण पिशवीच्या आतलं कोणी बघत नाही. कार्यक्रमाला निघालो की रिक्षात पाणदिवड बेडूक ओकायची. प्लास्टिकच्या बरणीतला नाग तोंड घासून घासून नाकाची कातडी सोलून घ्यायचा. नागपंचमीला गारुड्यांकडून सोडवलेले नाग मी बघितलेत. दात उपटलेले, तोंड शिवलेलं, आठवडे उपाशी. तहानेने ते दूध पितात आणि लोक म्हणतात साप दूध पितो. तेव्हा मला वाटायचं, मी गारुड्यापेक्षा वेगळा आहे. नाग तर माझ्या बरणीतही सोलला जात होता, फरक फक्त पुंगीचा होता.

मांडूळ तर चुकूनही नको. दुतोंड्या म्हणून त्याच्यामागे आधीच लाखोंच्या गप्पा मारणारे लोक लागलेत. वजन जास्त तर किंमत जास्त, गुप्तधन सापडतं, असले भ्रम. साठ मुलांच्या आईबापांच्या मोबाईलवर फोटो गेले की उद्या तुमच्या वॉचमनकडे कोणीतरी विचारत येईल.

घोडबंदरकर
हे मला माहीत नव्हतं. मांडुळाचं मागे घेतो. धामणीचं अर्धं मागे घेतो.

येऊरवाली
काका, धन्यवाद. त्या माणसाला काल नकार कळवला. तो म्हणाला, "मग मुलांना दाखवणार काय, पीपीटी?" खरंच, काय दाखवू?

खाडीकाठचा_कॅमेरा
मी बेलापूरचा, सापांचे फोटो काढतो. माझं म्हणणं, जिवंत नको असेल तर निवड उलट जास्त काळजीने करावी लागते. फोटोत काहीही टाकता येतं, म्हणून लोक किंग कोब्रा आणि ॲनाकोंडा टाकतात. तुम्ही फक्त तुमच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंचे साप घ्या आणि ते जोड्यांनी घ्या, पहिला विषारी, दुसरा त्याच्यासारखा वाटणारा बिनविषारी. आपल्याकडे गोंधळ जोड्यांमध्येच होतो.

मण्यार आणि कवड्या. मण्यार निळसर काळी, त्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेक वेळा दोन-दोन जवळ. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचं उलट, पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे रुंद आणि शेपटीकडे विरत जातात. कवड्या पाली खायला भिंतीवर चढतो, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतही दिसतो, आणि हकनाक मरतो.

घोणस आणि डुरक्या. घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा, मान बारीक, डोकं त्रिकोणी, आणि कुकरच्या शिट्टीआधी जसा आवाज येतो तसा फुत्कार. डुरक्या जाडजूड, शेपूट आखूड, नक्षी वेडीवाकडी. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलतात. उलटही होतं, घोणशीला अजगर समजतात. ते महागात पडतं.

नाग आणि धामण. धामण फणा काढत नाही, डोळे मोठे, अंग लांबसडक, दिवसा हिंडते. तिसरी जोडी एवढ्यावर उरकली तरी चालेल.

आणि एक गंमत म्हणून वाळा घ्या. गांडुळाएवढा, पाच-सहा इंच, कुंडीतल्या मातीत राहतो. बाराव्या मजल्याच्या बाल्कनीतही निघतो, कारण नर्सरीतल्या कुंडीतून येतो. या जातीत नर सापडलेलाच नाही, सगळ्या माद्या, आणि नराशिवाय अंडी घालतात. मुलं याच्यावर जितके प्रश्न विचारतात तितके नागावर विचारत नाहीत.

चकलीताई
वाळा!!! मी आजपर्यंत किती गांडुळं म्हणून झाडाखाली सोडली असतील देव जाणे.

पिशवी_आणि_आकडा
कॅमेरावाल्या भावा, निवड चांगली आहे. पण पहिल्या जोडीवर मला बोलू दे.

मी जिवंत साप दाखवणं बंद केलं ते सोलल्या नाकामुळे नाही. ते मी बघत आलो होतो आणि करतही आलो होतो. बंद केलं एका डब्यामुळे. एका शाळेत मी हेच शिकवलं होतं, मण्यार आणि कवड्या, पट्टे कुठून सुरू होतात वगैरे. महिन्याने तिथला सातवीतला मुलगा घरी आला. हातात जेवणाचा डबा. "काका, कवड्या धरला. मानेपासून पट्टे आहेत, बघा." डबा उघडला तर मण्यारीचं पिल्लू. पिल्लांचे पट्टे पुढेही स्पष्ट दिसू शकतात. मण्यार दिवसा सुस्त असते, डोकं लपवून पडून राहते, म्हणून तो वाचला. मी त्याला काही बोललो नाही, बोलणार काय? शिकवलं मीच होतं. मुरलेले साप धरणारे लोकही याच जोडीत फसलेत, आणि जीव गेलेत.

मण्यार रात्रीची फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं धड कळतही नाही, सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. शेवटी श्वास जातो. असा साप आपण 'फरक ओळखा' म्हणून कोड्यासारखा दाखवतो.

म्हणून माझं म्हणणं, पोरांना ओळख शिकवू नका, अंतर शिकवा.

खाडीकाठचा_कॅमेरा
काका, पटतं, पण अर्धंच. ओळखच नसेल तर वॉचमन सगळेच साप ठेचणार. नानेटी का मेली? ओळखता आली नाही म्हणूनच ना?

पिशवी_आणि_आकडा
नानेटी मेली कारण वॉचमनच्या हातात काठी होती आणि डोक्यात फोन नंबर नव्हता.

उपवनची_आजी
तुम्ही दोघे भांडा, मी एक विचारते. साप निवडून झाले, बघणारे निवडलेत का? सोसायटीत खाली जमिनीवर कोण झोपतं? मुलं तर दहाव्या मजल्यावर पलंगावर. जमिनीवर झोपतो तो रात्रपाळीचा वॉचमन, पंपवाला, माळी. कपाटातला साप त्यांनीच मारला आणि मण्यार चावली तर त्यांनाच चावणार. त्यांना खुर्च्या मांडल्यात का त्या क्लबहाऊसमध्ये?

येऊरवाली
आजी, खरं सांगू? नव्हत्या मांडल्या. आता मांडते.

ठाणेकर_ओहायोत
+१. अवांतर: भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतातली. केंद्राने २०२४ साली आराखडा आणलाय, २०३०पर्यंत मृत्यू निम्मे करायचे म्हणून. इथे अमेरिकेत वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मृत्यू होतात, म्हणून आम्हाला 'साप गोड असतो' एवढं सांगून भागतं. तुमचं भागणार नाही.

डॉ_मिसळपाव
माझ्याकडून थोडंसं. दंश झाला तर हातपाय हलवू नका, लाकडाची पट्टी बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात जा. दोरी आवळायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, चोखायचं नाही. साप मारून सोबत आणायचा नाही, कारण आमचे उपचार लक्षणांवरून ठरतात. आपल्याकडची सर्पदंशावरची लस, म्हणजे प्रतिविष, नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांसाठी एकच असते. येऊरला चापडाही आहे, तो हिरवा, बांबूवरचा. त्याच्यावर ही लस चालत नाही, पण त्याच्या दंशाने माणूस सहसा दगावत नाही. म्हणून चापडा दाखवायचा असेल तर 'सुंदर आहे, हात लावू नका' इतकंच पुरे.

येऊरवाली
धागा वर काढतेय. कार्यक्रम झाला, काल.

दोघांचंही ऐकलं. साप निवडले सात: नाग, मण्यार, घोणस, फुरसे, धामण, नानेटी, वाळा. चार विषारी, तीन आपल्या रोजच्या वाटेवरचे. शिवाय आठवा कवड्या ठेवला, पण मण्यारीच्या शेजारी नाही. 'पट्टे दिसले की लांब, नाव नंतर' एवढंच सांगितलं. फोटो खऱ्या लांबीचे, फ्लेक्सवर छापून जमिनीवर अंथरले. मुलांना सुतळीचे तुकडे कापायला लावले, वाळ्याएवढा, फुरशाएवढा, धामणीएवढा. धामणीची सुतळी दरवाजाबाहेर गेली तेव्हा जो आरडाओरडा झाला तो ऐकून काकांना बरं वाटलं असतं. काका आले नाहीत, दोनदा बोलावलं.

मग साप दिसल्यावर किती मागे जायचं ते पावलांनी मोजलं. पाच पावलं, नजर सापावर, एकाने तिथेच थांबायचं, दुसऱ्याने फोन करायचा. वन विभागाचा १९२६ हा नंबर मुलांनी खडूने पंपरूमच्या दारावर लिहिला. वॉचमन चार आले, माळीबाबा आले. त्यांच्यासाठी कमिटीकडून तीन खाटा आणि मच्छरदाण्या मंजूर करून घेतल्या, पंधरा हजारांतल्या उरलेल्या पैशांतून. टाळ्या वाजवणारा तो मुलगा पूर्ण वेळ वाळ्याच्या फोटोपाशी पालथा पडून होता.

घोडबंदरकर
छान झालं. जिवंत साप असता तर आणखी... असो. हलके घ्या.

येऊरवाली
मंडळी, रात्रीचे सव्वाअकरा. वॉचमनने आत्ता फोटो पाठवलाय, पंपरूमच्या पायरीवर आहे. काळपट, पांढरे पट्टे. मला पट्टे मानेपासून दिसतायत. कवड्या ना?

खाडीकाठचा_कॅमेरा
फोटो अंधारात आहे. मलाही कवड्याच वाटतोय, पण शेपटी दिसत नाही.

पिशवी_आणि_आकडा
ताई, फोटो बंद करा. वॉचमन किती पावलांवर आहे?

येऊरवाली
विचारलं. पाच म्हणतोय. काठी नाहीये हातात. १९२६ त्यानेच लावलाय, मला नंतर कळवलं.

पिशवी_आणि_आकडा
बरं. त्याला म्हणावं, नजर हलवू नको. मी कळव्याहून निघतोय.